शिदोरी बांधताना
लांबच्या प्रवासाला निघताना कपड्यांआधी शिदोरीचा विचार करावा. अन्न लवकर विटतं ते ओलाव्याने. तिखट-मिठाच्या पुऱ्या टिकतात, कारण तळताना त्यांतलं बरंच पाणी उडून जातं. दशमीची कणीक दुधात भिजवतात. पण दूधही बहुतांशी पाणीच. म्हणून मऊ राहिली तरी उन्हाळ्यात दशमी आधी संपवावी. सर्वांत वाईट म्हणजे गरम पुऱ्या डब्यात कोंबणं. वाफ झाकणाला धरते, थेंब खाली गळतात आणि पुऱ्या चिकट होतात. पूर्ण निवल्यावर सुती फडक्यात गुंडाळून भराव्यात. सोबत दाण्याची कोरडी चटणी. ओल्या खोबऱ्याची मात्र घरीच राहू द्या, कोणी कितीही आग्रह केला तरी! डबा बॅगेत वरच ठेवा. मुंबईहून निघालेली गाडी कल्याण सोडत नाही तोच मुलं तो मागतात.