संगणकाचा पडदा एकाएकीं काळा पडल्यास

गेल्या खरिपांत पीकविम्याची मुदत संपावयास दोन दिवस उरले असतां आम्ही भोकरदन येथील एका सेवा केंद्रांत बसलों होतों. दारांत वीसपंचवीस कास्तकार सातबारा, आधारकार्ड व बँकेचें पासबुक घेऊन उभे होते. एका वृद्ध गृहस्थांचा मक्याचा अर्ज भरणें चालू असतां संगणकाचा पडदा काळाठिक्कर पडला. "गेलं का सगळं? माझा सातबाराबी गेला का, भाऊ?" असें त्यांनीं घाबरून विचारलें. केंद्र चालविणारा मुलगा पेटीचें बटण दाबून धरणार, इतक्यांत आम्हीं त्याचा हात धरला.

सातबारा त्या पेटींत नसतोच. गांव नमुना ७ व १२ यांच्या नोंदी शासनाच्या सर्व्हरवर असतात. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणीची नोंदही एकदां अपलोड झाली कीं तेथेंच जाते. आमची हयात महसुली दप्तरांत गेली. कागदास वाळवी लागली म्हणजे नोंद खरोखरच जात असे. येथें तसें नाहीं. भीति असते ती अर्धवट भरलेल्या अर्जाची, आणि तो काळ्या पडद्यापेक्षां घाईनें दाबलेल्या बटणानेंच अधिक वेळां जातो.

सबब प्रथम यंत्र जिवंत आहे कीं नाहीं तें पाहावें. पेटींतील पंख्याचा आवाज ऐकावा. कॅप्स लॉकची कळ दाबून तिचा दिवा लागतो व विझतो काय, हें पाहावें. दिवा पालटत असेल तर यंत्र चालू असून दोष बहुधा पडद्याच्या बाजूचा असतो. मग पडद्याचा स्वतःचा दिवा पाहावा. तो मुळींच नसेल तर विजेची वायर तपासावी. तो पिवळा झाला असेल किंवा उघडझाप करीत असेल, तर पडद्यास वीज मिळते, पण पेटीकडून चित्र येत नाहीं, असें समजावें. त्या मुलाच्या पडद्याचा दिवा पिवळा होता. टेबलाखालीं पाहतां चित्राची केबल अर्धी निसटलेली! रांगेंतील कोणाचा तरी पाय लागला असावा. तिचे दोन स्क्रू बसविल्यापासून कोणी आवळलेच नव्हते.

केबल ठीक असूनही पडदा काळाच राहिला, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट व बी या चार कळा एकदम दाबाव्या. चित्राचा चालक पुन्हा सुरू होतो व उघडें काम शाबूत राहतें. लॅपटॉपवर तिरपी बॅटरी मारून पाहावी. अक्षरें अंधुक दिसलीं तर मागचा प्रकाश गेला आहे. दुसरा पडदा जोडून काम पुरें करतां येतें. पेटीचें बटण दहा सेकंद दाबून धरणें हा उपाय अगदीं शेवटचा. पडद्याचें यंत्र मात्र घरीं उघडूं नये. वायर काढल्यावरही आंत विजेचा भार राहतो.

काळ्या पडद्यावर अक्षरें असतील तर प्रकरण वेगळें. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सदोष अपडेटमुळें जगांतील सुमारें ८५ लक्ष संगणक निळे पडून अडले, विमानतळही खोळंबले. ती निळी सूचना मायक्रोसॉफ्टनें २०२५ पासून काळी केली आहे. अशा वेळीं केबल हलवीत न बसतां अक्षरांचा फोटो काढावा व जाणत्यास दाखवावा.

आपल्याकडे थ्री-फेज लाईट येतांच सर्व मोटारी एकदम सुरू होतात व दाब खालीं येतो. त्याकरितां केंद्रांत यूपीएस असावाच. हजारों रुपयांच्या यंत्रापुढें ही काटकसर आम्हांस समजत नाहीं.

केबल बसवितांच अर्ज होता तसा दिसला. गट नंबरही भरलेला. बाबांनीं पावती हातीं येईपर्यंत पडद्यावरची नजर काढली नाहीं. मुलगा मात्र टेबलाखालीं बसून स्क्रू आवळीत होता.