खोडव्याची निगा आणि घरातली जुनी माणसं



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खते आणि पाणी यांविषयी लिहितो. या खेपेस मात्र ज्यांनी आपल्या भागात पहिली लागण केली, त्या जुन्या माणसांविषयी लिहायचे आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या गट ऑफिसात एक जुने सभासद रोज सकाळी चालत येत. नोंदीची तारीख विचारायची, चिटबॉयशी दोन शब्द वाद घालायचा, चहा घ्यायचा नि परत जायचे, असा त्यांचा नेम. पुढे जमीन आणि शेअर्स मुलाच्या नावावर झाले. नोंदीला मुलगा येऊ लागला. घरच्यांनी मायेनेच सांगितले, "आता कशाला उन्हातान्हात हिंडता? बसा निवांत." ते बसले. वर्षभरात पाय लटपटू लागले. एका रात्री परसात जाताना पडले आणि खुब्याचे हाड मोडले. ते पुन्हा ऑफिसात आले नाहीत. आम्हीही विचारपूस करायला गेलो नाही. त्या चुकीची टोचणी म्हणून हा लेख.

बसून का खचतं माणूस?

वय वाढते तसे स्नायू कमी होतात. पण माणूस बसून राहिला की ते फार झपाट्याने कमी होतात. पायातली ताकद गेली की तोल जातो. एकदा पडला की भीती बसते आणि भीतीपोटी हिंडणे आणखी कमी होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सूचनांनुसार ६५ वर्षांवरील माणसाने आठवड्यात निदान १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करावा आणि आठवड्यातून तीन दिवस तोल व ताकद टिकवणारा व्यायामही करावा. आपल्या हिशेबाने, रोज अर्धा तास बांधावरून किंवा रस्त्याकडेने चालले तर पाच दिवसांत १५० मिनिटे भरतात. तोलासाठी खांबाला धरून थोडा वेळ एका पायावर उभे राहावे. ताकदीसाठी खुर्चीवरून, जमल्यास हात न टेकता, दहा वेळा उठबस करावी. ज्यांना हृदयाचा किंवा गुडघ्यांचा त्रास आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

घरात काय करावे?

१) रात्री परसात नि मोरीत दिवा असावा. मोरीत धरायला लोखंडी दांडी बसवावी. शेवाळ घासून काढावे. वाटेत पाईप, वायरी, दोऱ्या ठेवू नयेत.

२) म्हातारपणी तहान कमी लागते, म्हणून मागितल्यावरच पाणी द्यायचे असे करू नये. उन्हाळ्यात तांब्या जवळ भरून ठेवावा. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असेल तर पाण्याचे प्रमाण डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ठेवावे.

३) दात पडले की जेवण चहा-भाकरीवर येते. डाळ, दूध, ताक, अंडे असे काही रोज पोटात जावे.

४) रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना उठल्यावर चक्कर येत असेल तर डॉक्टरांना सांगावे. अंथरुणातून उठताना आधी मिनिटभर कडेला बसावे. मोतीबिंदू आणि कानांची तपासणी टाळू नये. ऐकू येईना की माणूस बोलायचा थांबतो.

सोबत

पुण्यातील 'अथश्री'सारख्या ज्येष्ठांसाठी बांधलेल्या वसाहती आता शहरांत आहेत. अशा ठिकाणी धरायला कठडे, मदतीला माणूस, समवयस्कांची सोबत आणि दिवसभराचे काही ना काही कार्यक्रम, अशी सोय असते. आपल्याला तिथे जाण्याचे कारण नाही. देवळाचा कट्टा, हरिपाठ, भजनी मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, ग्रामपंचायतीची एखादी रिकामी खोली, हे सारे गावातच आहे. फक्त कुणीतरी हाक मारून सोबत न्यायला हवे. म्हातारीकडे विशेष लक्ष द्यावे. तिचे काम कधी सुटत नाही, पण शेजारणी एकेक करून जातात आणि ती चुलीपाशी एकटी पडते.

कागदपत्र

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ साली झाला. सांभाळ न करणाऱ्या मुलांविरुद्ध आई-वडिलांना प्रांतांसमोरच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. जमीन बक्षीसपत्राने देताना 'सांभाळ करावा' ही अट लिहिलेली असेल आणि ती मोडली, तर ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येते. म्हणून अट लिहूनच घ्यावी. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे. त्यासाठी कार्ड काढून घ्यावे. अडचणीसाठी ज्येष्ठांचा मदत क्रमांक १४५६७ आहे.

शेवटी खोडव्याची गोष्ट

खोडवा म्हणजे फुकटचे पीक, असे समजून आपण तो सोडून देतो आणि मग उतारा घसरला म्हणून रडतो. बुडखे जमिनीलगत छाटले, पाचट ठेवले, नांग्या भरल्या, खत-पाणी वेळेवर दिले, की तोच खोडवा लागणीच्या जवळपास जातो. हे आम्ही दरवर्षी सांगतो. माणसाचेही तसेच आहे. नोंद मुलाच्या नावावर झाली म्हणून म्हाताऱ्याची अक्कल संपत नाही. पाण्याची पाळी, बेण्याची निवड, जुन्या हद्दी, हे त्याला विचारा. पटले नाही तरी विचारा.

आमच्या ऑफिसच्या व्हरांड्यात आम्ही बाकडे टाकले आहे. नोंदीला येताना वडिलांना, आजोबांना बरोबर आणा. चहा आमच्याकडे. चिटबॉयशी वाद घालायलाही हरकत नाही.

— ऊस विकास विभाग