घाट उतरायचा सायकलवर : वाटाड्यासोबत की आपल्या गतीने?

सायकलवर चढ चढताना दम लागतो, म्हणून माणूस आपोआप थांबतो. उतारावर दम लागत नाही, म्हणून तो थांबत नाही. घाटातल्या सायकल-सहलीत होणाऱ्या पुष्कळशा दुखापतींचे मूळ या साध्या गोष्टीत आहे.

सुट्टीत थंड हवेच्या ठिकाणी जाणाऱ्या आपल्या भागातील कुटुंबांना हा प्रकार आता ओळखीचा होऊ लागला आहे. गाडीच्या टपावर सायकली बांधून माणसांना माथ्यावर नेतात आणि तेथून ही मंडळी सायकलवर खाली येतात. लेहमध्ये खारदुंग ला खिंडीवरून अशी उतरण करवून देणारे व्यावसायिक आहेत. काहीजण महाबळेश्वर-पाचगणीला स्वतःची सायकल नेऊन पसरणी घाटाने वाईला उतरतात. अशा वेळी सोबत वाटाड्या घ्यावा की आपले आपण, आपल्या गतीने उतरावे, असा प्रश्न पडतो. पैशाचा हिशेब ज्याचा त्याने करावा. येथे शरीराचा हिशेब मांडू.

पसरणी घाटाचेच उदाहरण घ्या. पाचगणी सुमारे १३०० मीटर उंचीवर, तर वाई सुमारे ७०० मीटरवर. म्हणजे दहा-बारा किलोमीटरमध्ये आपण ६०० मीटर खाली येतो. सत्तर किलोचा माणूस आणि पंधरा किलोची सायकल एवढे वजन इतके खाली आणताना जी ऊर्जा मोकळी होते, तिने दीड लिटर थंड पाणी उकळीला येईल. यातली काही ऊर्जा वाऱ्यात जाते, उरलेली ब्रेकच्या रबरात आणि रिममध्ये उष्णता होऊन साठते. सबंध घाट ब्रेक दाबून धरणाऱ्याची रिम हात लावू नये इतकी तापते, आणि कधी कधी त्या उष्णतेने आतली ट्यूबही फुटते. म्हणून वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावरच ठामपणे ब्रेक लावून वेग कमी करावा आणि मग ब्रेक सोडून वळण घ्यावे. ऐन वळणात ब्रेक करकचून दाबला की चाक घसरते.

पुढचा ब्रेक लावला की माणूस तोंडावर पडतो, अशी समजूत घरोघर आहे. ती अर्धीच खरी आहे. उतारावर वजन पुढच्या चाकावर येते, त्यामुळे थांबवण्याची खरी ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते. नुसत्या मागच्या ब्रेकवर विसंबले तर सायकल थांबत नाही, मागचे चाक फक्त फरफटते. दोन्ही ब्रेक बरोबर, हळूहळू जोर वाढवत लावावेत आणि बूड सीटवर थोडे मागे सरकवावे. भाड्याची सायकल घेताना कोणती मूठ कोणत्या चाकाची, हे सपाटीवरच पाहून घ्यावे. सगळ्या सायकलींत ते सारखे नसते. आणि घरची जुनी काळी सायकल, सळईने चालणाऱ्या ब्रेकची, ती मात्र घाटात नेऊ नये. तिच्या लोखंडी रिमवर पाणी पडले की ब्रेक लागतो न लागतो असा होतो. पावसाळ्यात घाट हिरवा दिसतो म्हणून निघणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

वेगाचे गणितही पाहून घेऊ. ताशी वीसवरून चाळीस किलोमीटर झाला की वेग दुप्पट होतो, पण थांबायला लागणारे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. शिवाय समोरची म्हैस दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत जो एक सेकंद जातो, तेवढ्यात ताशी ३६ च्या वेगाने आपण दहा मीटर पुढे गेलेलो असतो.

उतरताना पायांना काम नसते, म्हणून हा व्यायाम सोपा वाटतो. प्रत्यक्षात काम हातांना पडते. अर्धा-पाऊण तास मूठ आवळून धरल्याने बोटे आखडतात, कोपरापर्यंत हात भरून येतात, आणि नेमके शेवटच्या वळणांवर ब्रेकला जोर उरत नाही. घट्ट मूठ आवळून धरल्याने रक्तदाबही चढतो. मान वर उचलून पुढे पाहत राहिल्याने मणक्याचा त्रास असणाऱ्यांच्या मानेत कळ येते. यावर उपाय एकच: दर दहा मिनिटांनी रस्त्याच्या बाहेर, मोकळ्या जागी थांबणे, हात झटकणे, दोन घोट पाणी पिणे. वाटाड्या की एकटे या प्रश्नाचा निम्मा निकाल येथेच लागतो. जो वाटाड्या असे थांबू देतो तो घ्यावा. जो घड्याळाकडे पाहत पुढे दामटतो, त्याच्यापेक्षा एकट्याने उतरणे बरे.

चांगल्या वाटाड्याचे फायदे मोठे आहेत. कोणत्या वळणावर वाळू पसरलेली असते, कोठे ओढ्याचे पाणी रस्त्यावर येते, ट्रक कोणत्या वेळी भरून चढतात, हे त्याला ठाऊक असते. मागून गाडी येत असल्याने थकलेल्या माणसाला निमूट त्यात बसता येते. हा फायदा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कारण घाटात मध्येच नको वाटले, तर एकट्या माणसापुढे चालत उतरण्यावाचून मार्ग नसतो. पण केवळ वाटाड्या आहे म्हणून निर्धास्त होऊ नये. अमेरिकेच्या हवाई बेटांपैकी माउई बेटावर हालेआकाला नावाचा सुमारे ३०५५ मीटर उंचीचा ज्वालामुखी आहे. तेथे माथ्यापासून सायकलवर उतरवणाऱ्या सहली वर्षानुवर्षे चालत. वाटाडे होते, हेल्मेट होते. तरीही जीवघेणे अपघात झाले, आणि २००७ मध्ये तेथील राष्ट्रीय उद्यानाने आपल्या हद्दीतील अशा व्यावसायिक सहली बंद केल्या. त्यानंतर त्या हद्दीबाहेर, बऱ्याच खालून सुरू होऊ लागल्या.

रांगेतल्या उतरणीत एक दोष असतोच. पुढचा गेला म्हणून मागचा जातो. पुढे विशीतली पोरे असली की पन्नाशीतला माणूसही लाजेखातर ब्रेक सोडतो. म्हणून पैसे देण्यापूर्वी विचारावे: वाटाडे दोन आहेत का, एक पुढे आणि एक सर्वांत मागे? एकाच वाटाड्याला पाठीमागे कोण पडले ते दिसत नाही. हेल्मेट मापाचे मिळेल का? ते भुवईच्या वर दोन बोटे बसले पाहिजे आणि हनुवटीखालच्या पट्ट्यात एक-दोन बोटांपेक्षा जास्त जागा राहता कामा नये. सायकल बदलून मागितली तर देतात का? या प्रश्नांवर जो वैतागेल, त्याच्याकडे जाऊ नये.

आपल्या गतीने उतरण्याची खरी गोडी कोणी नाकारणार नाही. वाटेल तेथे थांबावे, दरी पाहावी, डबा सोडावा. ज्याला रोज सायकलची सवय आहे, पंक्चर काढता येते आणि रस्ता एकदा गाडीतून पाहिलेला आहे, त्याने खुशाल एकट्याने, खरे तर दोघांनी मिळून, उतरावे. घरची गाडी मागे ठेवायची असेल तर ती सायकलच्या मागे रांगत आणू नये. अरुंद घाटात तिच्यामुळे मागची वाहने ओलांडायला धडपडतात. गाडीने पुढच्या रुंद जागेपर्यंत जाऊन थांबावे.

सराव मात्र घरच्या उतारावर करू नये, असे आपल्या जिल्ह्यापुरते तरी म्हणावे लागते. मांजरसुंब्याचा घाट राष्ट्रीय महामार्गाचा आहे. तेथे अवजड ट्रकांची रांग तुटत नाही. धारूरच्या घाटाची वळणे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना अधिक सांगायला नको. ऊसतोडीच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, आणि ट्रॉलीबाहेर आलेला ऊस सायकलवाल्याच्या खांद्याला लागायला वेळ लागत नाही. कपिलधारला किंवा सौताड्याला जायचेच असेल, तर सकाळी लवकर जावे आणि तीव्र उतारावर सायकल हातात धरून चालावे. त्यात कमीपणा नाही. सरावासाठी गावाबाहेरचा एखादा साधा, उघडा चढउतार पुरेसा आहे.

आता प्रकृतीचे. फिट येणाऱ्यांनी, चक्कर येण्याचा त्रास असणाऱ्यांनी हा प्रकार टाळावाच. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डोक्याला लागलेला साधा मारही घातक ठरू शकतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत हाडे ठिसूळ होण्याचे प्रमाण अधिक, आणि पडताना माणूस हात पुढे करतो, त्यामुळे मनगट किंवा गळ्याजवळचे हाड मोडते. मोतीबिंदू असलेल्यांना झाडांच्या सावलीतून एकदम उन्हात येताना खड्डा दिसत नाही. मधुमेहींनी उपाशीपोटी निघू नये. साखर उतरली की हात थरथरतात, घाम येतो, छाती धडधडते. घाटातल्या भीतीचीही लक्षणे हीच, त्यामुळे माणूस फसतो. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे आणि शंका आली की थांबून आधी तेच खावे. तळपाय-तळहात बधिर असणाऱ्या मधुमेहींनी गाडीतूनच घाट पाहावा, हे मी स्पष्टच सांगतो.

लडाखची गोष्ट वेगळी आहे. बीड शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटरवर, लेह ३५०० मीटरवर आणि खारदुंग ला ५३५९ मीटरवर. त्या खिंडीत श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्माच असतो. विमानाने लेहला उतरलेल्या माणसाने किमान दोन-तीन दिवस तेथे विश्रांती घेतल्याशिवाय खिंडीवर जाऊ नये. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे ही पहिली सूचना. चालताना तोल जाऊ लागला, बोलण्यात गोंधळ होऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सायकलचा विचार सोडून गाडीने तत्काळ खाली आणावे आणि दवाखाना गाठावा. तेथे मी वाटाड्याशिवाय जाण्याचा सल्ला देणार नाही. मेंदूला प्राणवायू कमी पडला की आपली चूक आपल्याला कळत नाही. ती दुसऱ्यालाच दिसते. शिवाय भर जुलैतही वाऱ्याने बोटे गारठतात आणि गारठलेल्या बोटांनी ब्रेक दाबला जात नाही, म्हणून हातमोजे हवेतच.

कोणी पडलेच तर खरचटलेली जागा वाहत्या स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी. हळद, चहाची पूड, माती यांपैकी काही भरू नये. धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यायचे का, ते त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. डोके आपटले असेल आणि उलटी झाली, ग्लानी आली, कानातून किंवा नाकातून पाणी आले, तर पाणी पाजत बसू नये, मान हलवू नये. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. घाट कोणताही असो, निघण्यापूर्वी जवळचे मोठे रुग्णालय वरच्या गावात आहे की खालच्या, एवढे विचारून ठेवावे. आणि खाली पोहोचल्यावर मुलांना चाकाजवळ जाऊ देऊ नये. रिम अजून तापलेली असते.