आधी कोण जेवतं?

मागच्या लेखात आपण जब्दीच्या दोन मुलांना भेटलो. येशूच्या उजव्या-डाव्या हाताच्या जागा मागायला ते आले होते, आणि थोर व्हायचं असेल त्याने सर्वांचा सेवक व्हावं, असं उत्तर घेऊन गेले. बारा शिष्यांना हे समजावणंच अवघड गेलं. मग ही शिकवण अख्ख्या शहरात गेल्यावर काय झालं? त्यासाठी करिंथला जायला हवं.

रोमनांनी इ.स.पू. १४६ मध्ये करिंथ उद्ध्वस्त केलं. पुढे इ.स.पू. ४४ मध्ये ज्युलियस सीझरने ते पुन्हा वसवलं. नव्या वस्तीत मुक्त झालेले गुलाम बरेच होते. घराण्याचं नाव नाही, हाती पैसा मात्र खेळू लागलेला. बॅबियस फिलिनस नावाच्या एकाने तिथे स्मारक बांधलं आणि वर कोरून ठेवलं, की हे मी स्वखर्चाने उभारलं आणि अधिकारी या नात्याने मीच मंजूर केलं. शिलालेखात वडिलांचं नाव नाही. म्हणून तोही पूर्वीचा गुलाम असावा, असा अभ्यासकांचा कयास आहे. मला त्याची कणव येते. जन्माने ज्याला काही दिलं नाही, तो दगडाकडे मान मागत होता.

याच गावात तंबूचं काम करून पोट भरणाऱ्या पौलाने मंडळी उभी केली. ती घरोघरी जमे. म्हणजे अर्थातच, ज्याचं घर ऐसपैस त्याच्याकडे. रोमन जेवणावळीत माणसाची पायरी ताटावरून कळायची. धाकटा प्लिनी या रोमन लेखकाने अशा एका यजमानाचं वर्णन केलंय. त्याने तीन प्रतींचा द्राक्षारस ठेवला होता: एक स्वतःला आणि खास पाहुण्यांना, दुसरा कमी प्रतिष्ठेच्या मित्रांना, तिसरा मुक्त गुलामांना. प्लिनीला हे पसंत नव्हतं. पण रीत होती.

करिंथच्या प्रभुभोजनात हीच रीत शिरली. त्या काळी आठवड्याची सुट्टी नव्हती. गुलाम आणि मजूर कामं उरकून उशिरा पोचत असणार, तोवर सधनांचं खाणं-पिणं होऊन जाई. एक उपाशी, दुसरा झिंगलेला. इ.स. ५४च्या सुमारास लिहिलेल्या पत्रात पौल यावर संतापला आहे. तुम्ही जेवता ते प्रभूचं भोजन नव्हेच, असं तो त्यांना सुनावतो. आणि उपाय सांगतो तो एवढाच, की एकमेकांसाठी थांबा. मालकाने गुलामाची वाट पाहायची! त्या समाजात हे किती उफराटं वाटलं असेल.

पुढच्या अध्यायात तो शरीराचा दाखला देतो. रोमनांकडे असा दाखला आधीपासून होता. मेनेनियस अग्रिप्पा नावाच्या रोमन पुढाऱ्याने एकदा शहर सोडून गेलेल्या सामान्यजनांना समजावलं, की हातांनी आणि तोंडाने पोटाविरुद्ध बंड केलं तर सगळं शरीरच खंगतं. म्हणजे तुम्ही आपापल्या कामावर परता. पौल तोच दाखला दुबळ्यांच्या बाजूने वापरतो. जे अवयव अशक्त दिसतात त्यांच्यावाचून चालत नाही, आणि ज्यांना मान कमी त्यांनाच देवाने अधिक मान दिला आहे, असं तो म्हणतो. माझ्या मते साऱ्या पत्रातला सर्वांत धाडसी विचार हाच.

चर्चला तो पेलला का? नेहमी नाही. दक्षिण भारतातल्या कित्येक मंडळ्यांत बाप्तिस्मा झाल्यावरही जातींनुसार बसण्याच्या जागा वेगळ्या राहिल्या, प्रभुभोजनातही आधी कोण आणि मागून कोण हे जात ठरवू लागली. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनिअल विल्सन यांनी हा भेद ताबडतोब बंद करण्याचा हुकूम काढला, तेव्हा तंजावर भागातल्या अनेकांनी चर्च सोडलं. जात सोडली नाही. हा करिंथचाच आजार होता आणि त्यावरचं औषध त्यांच्याच पवित्र शास्त्रात लिहिलेलं होतं.

पुढच्या लेखात फिलेमोन आणि त्याचा गुलाम अनेसिम यांच्याकडे वळू. तोवर करिंथकरांस पहिल्या पत्राचे ११ आणि १२ हे अध्याय एका बैठकीत वाचून ठेवा.