घटना १०६ वेळा बदलली, त्यात आपलं काय?

मैत्रिणींनो, २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत 'घटना बदलणार' आणि 'घटना बदलू देणार नाही' ही दोन्ही वाक्यं आपण गावोगावी ऐकली. पण घटना मुळात बदलता येते का?

येते. २६ जानेवारी १९५० ला घटना लागू झाली आणि दीड वर्षाच्या आत, १९५१ मध्ये, पहिली दुरुस्ती झालीसुद्धा. २०२३ पर्यंत अशा १०६ दुरुस्त्या झाल्या. १८ व्या वर्षी मत द्यायला मिळतं ते १९८९ च्या ६१ व्या दुरुस्तीमुळे. त्याआधी २१ वर्षं पूर्ण व्हावी लागत. ६ ते १४ वयाच्या मुलामुलींना मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला तो २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने.

आता बदल करतात कसा? आपल्या गटात उशिरा येण्याचा दंड दहावरून वीस करायचा, तर महिन्याच्या बैठकीत ठराव होतो, विषय संपतो. पण ग्रामसंघाच्या नियमाला हात घालायचा तर चार जणींनी ठरवून भागत नाही, गटागटाचं म्हणणं घ्यावं लागतं. घटनेचंही तसंच आहे. लोकसभा आणि राज्यसभा, दोन्हीकडे एकूण सदस्यांच्या निम्म्याहून जास्त मतं हवीत, शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश बाजूने हवेत. आणि विषय राज्यांच्या अधिकाराचा असेल, तर किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमतीही लागते.

ही संमती नुसता उपचार नाही बरं का. ९७ वी दुरुस्ती सहकारी संस्थांची होती. संचालक मंडळात बायांना दोन जागा, असंही तिच्यात होतं. पण राज्यांची संमती घेतलीच नव्हती. म्हणून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यातल्या सहकारी संस्थांपुरता तो भाग रद्द केला. गोष्ट चांगली असली तरी रीत चुकली की टिकत नाही.

दुसरी वेस न्यायालयाने घातली. केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं, की संसद घटनेत दुरुस्ती करू शकते, पण तिची मूळ चौकट मोडू शकत नाही. तो निकाल २४ एप्रिल १९७३ चा. योगायोग बघा, बरोबर वीस वर्षांनी, २४ एप्रिल १९९३ ला, आपल्या सगळ्यात जवळची दुरुस्ती लागू झाली. ती ७३ वी.

त्याआधी ग्रामपंचायती नव्हत्या असं नाही. पण त्या पूर्णपणे राज्याच्या कायद्यावर चालत. सरकारच्या मनात आलं तर निवडणुका पुढे ढकलल्या जात. १९८९ मध्ये राजीव गांधी सरकारने हे बदलायचा प्रयत्न केला. लोकसभेत विधेयक पास झालं, राज्यसभेत पडलं. पुढे नरसिंह राव सरकारच्या काळात, डिसेंबर १९९२ मध्ये, ते काम झालं. निम्म्याहून जास्त राज्यांनी संमतीही दिली.

या दुरुस्तीने काय दिलं? मतदारयादीत नाव असलेली प्रत्येक बाई ग्रामसभेची सदस्य झाली. दर पाच वर्षांनी निवडणूक आणि ती घ्यायला वेगळा राज्य निवडणूक आयोग. आणि सदस्यांच्या तसंच सरपंचपदाच्या किमान एक तृतीयांश जागा बायांसाठी. अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांतही तेवढाच वाटा बायांचा.

महाराष्ट्राने १९९० मध्येच ३० टक्के दिले होते, आणि २०११ मध्ये ५० टक्के केले. इथे एक फरक नीट समजून घ्या. एक तृतीयांश आहे घटनेत. त्याच्या वरचं ते पन्नास टक्क्यांपर्यंतचं आहे राज्याच्या कायद्यात. राज्याचा कायदा विधिमंडळ साध्या बहुमताने फिरवू शकतं. सरपंच थेट जनतेतून निवडायचं २०१७ ला ठरलं, २०२० ला रद्द झालं, २०२२ ला परत आलं, हे आपण पाहिलंच. उद्या कुणाच्या मनात आलं तरी बायांचा वाटा एक तृतीयांशाच्या खाली नेता येणार नाही, पण पन्नासावरून खाली येणं अशक्य नाही.

घटनेत लिहिलं म्हणजे ते आपोआप पाळलं जातं, असंही समजू नका. २०२२ ला मुदत संपलेल्या आपल्या कित्येक जिल्हा परिषदांवर तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासक बसले होते. ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात होता, हे कारण. पण तेवढा काळ तिथे निवडून आलेली एकही बाई नव्हती, पुरुषही नव्हता. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून आदेश दिला. पाच वर्षांचा नियम घटनेत होता, म्हणून कोर्टात बोलायला जागा तरी होती.

आता १०६ वी. सप्टेंबर २०२३ मध्ये झालेली ही दुरुस्ती लोकसभेत आणि विधानसभेत एक तृतीयांश जागा बायांना देते. राज्यसभा आणि विधान परिषद मात्र तिच्यात नाही. पेढे वाटले गेले, पण आतली अट फार कुणी वाचली नाही. दुरुस्तीत असं लिहिलंय, की आधी जनगणना होईल, तिच्या आकड्यांवरून मतदारसंघांची नवी आखणी होईल, आणि मग आरक्षण सुरू होईल. तेही सुरू झाल्यापासून १५ वर्षांसाठी. पुढे चालू ठेवायचं तर संसदेला पुन्हा ठरवावं लागेल. पंचायतीतल्या बायांच्या आरक्षणाला अशी मुदत घातलेली नाही.