कादंबरीतल्या माणसाला पकडायला निघालेले पोलीस

१९८७च्या सुरुवातीला केनियातल्या सरकारकडे एक खबर पोचली. मातिगारी नावाचा कुणी माणूस गावोगाव फिरतोय आणि या देशात सत्य आणि न्याय कुठे मिळेल, असं भेटेल त्याला विचारतोय. त्याला धरून आणायचे हुकूम सुटले. शोध घेता घेता कळलं, की हा माणूस एका कादंबरीतला आहे. मग फेब्रुवारीत पोलिसांनी पुस्तकांच्या दुकानांवर छापे घातले आणि ‘मातिगारी’च्या प्रती उचलून नेल्या. ही हकिकत लेखक न्गुगी वा थ्योंगो यांनी त्याच पुस्तकाच्या इंग्रजी आवृत्तीत नोंदवून ठेवली आहे.

लोक मातिगारीबद्दल शेजारच्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलत होते, कारण तो त्यांच्या गिकुयू भाषेत बोलत होता. सगळी मेख इथे आहे. न्गुगींची ‘पेटल्स ऑफ ब्लड’ ही इंग्रजी कादंबरी १९७७ साली आली. नव्या राज्यकर्त्यांनी स्वातंत्र्य कसं विकून खाल्लं, हे तीत उघड लिहिलं होतं. तरीही तिचं प्रकाशन नैरोबीत खुद्द अर्थमंत्री म्वाई किबाकी यांच्या हस्ते झालं. त्याच वर्षी लिमुरूजवळच्या कामिरीथू गावात न्गुगींचं आणि त्यांचे सहलेखक न्गुगी वा मिरी यांचं गिकुयू नाटक उभं राहिलं. नट गावातलेच शेतकरी आणि कामगार, रंगमंचही त्यांनीच बांधलेला. गरिबाचा दीड एकराचा तुकडा बड्या मालकाच्या घशात कसा जातो, त्याची ही गोष्ट. जेमतेम सहा आठवडे प्रयोग झाले आणि परवानगी काढून घेतली गेली. वर्ष संपता संपता न्गुगींना मध्यरात्री घरातून उचललं. खटला नाही, आरोपपत्र नाही, सरळ कामिती तुरुंग. पुढे १९८२ साली पोलिसांनी तो रंगमंचही जमीनदोस्त केला.

कामितीच्या कोठडीत न्गुगींनी ठरवलं, की यापुढे कादंबरी गिकुयूतच लिहायची. कागद मिळेना, म्हणून संडासात वापरायच्या कागदावर लिहायला घेतलं. कैद्यांना त्रास व्हावा म्हणून तो कागद मुद्दाम खरखरीत ठेवलेला असे. पण त्यावर पेन छान चाले. एखादा शब्द अडला, एखादी म्हण आठवेना, तर ते पहाऱ्यावरच्या शिपायांना विचारत. एका झडतीत सगळं बाड जप्त झालं आणि काही आठवड्यांनी परत मिळालं. राष्ट्राध्यक्ष केन्याटांच्या मृत्यूनंतर, १९७८च्या डिसेंबरात, न्गुगी सुटले आणि १९८०मध्ये ती कादंबरी छापून आली. इंग्रजीत तिचं नाव ‘डेव्हिल ऑन द क्रॉस’.

तिच्या मध्यभागी चोर-दरोडेखोरांची एक स्पर्धा आहे. परदेशी पाहुण्यांसमोर देशातले धनदांडगे एकेक करून उठतात आणि आपण लोकांना कसं लुटलं ते अभिमानाने सांगतात. एकाला माती आणि हवा डब्यांत भरून विकायची आहे. दुसऱ्याला माणसाच्या अवयवांचा कारखाना काढायचा आहे, म्हणजे श्रीमंताला दोन तोंडं, दोन हृदयं मिळतील. हसता हसता पोटात गोळा येतो, कारण यातला एकही जण चोरी लपवत नाही. लाचखोर राजवटीचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही. तिथे चोरी हीच प्रतिष्ठा झालेली असते.

हे पुस्तक लोकांनी ऐकलं. आपल्याकडे श्रावणात पोथी लावतात, एक जण वाचतो आणि घर ऐकतं, तसं. घराघरांत, कारखान्यांत जेवणाच्या सुट्टीत, दारूच्या गुत्त्यातसुद्धा. न्गुगींनी लिहिलंय, की गुत्त्यात वाचणारा ऐन रंगात आल्यावर थांबे आणि आपली बाटली रिकामी झाल्याचं त्याच्या ध्यानात येई. लगेच कुणीतरी दुसरी मागवे आणि वाचन पुढे सुरू होई. अक्षरओळख नसलेल्या माणसापर्यंतही कादंबरी अशी पोचली. सरकारला धास्ती वाटली ती या पोचण्याची.

पुढे आलेल्या ‘मातिगारी’त पोपटशास्त्राचे डॉक्टर आहेत, पोपटपंची करणाऱ्या वर्तमानपत्राचा संपादक आहे. ही कल्पना हवेतून आलेली नाही. राष्ट्राध्यक्ष डॅनियल अराप मोई यांनी १९८४ साली मंत्र्यांना आणि अधिकाऱ्यांना जाहीरपणे सांगितलं होतं, की मी जे गातो तेच तुम्ही पोपटासारखं गा. लेखकाने एवढंच केलं, की त्या पोपटांना पदव्या दिल्या.

न्गुगींना १९८२पासून परदेशातच राहावं लागलं. २००४ साली, बावीस वर्षांनी, ते मायदेशी आले, तेव्हा नैरोबीत त्यांच्यावर आणि त्यांच्या पत्नीवर हल्ला झाला. तरी त्यांनी गिकुयू सोडली नाही. ‘विझर्ड ऑफ द क्रो’ ही त्यांची कावळ्याच्या मांत्रिकाची अवाढव्य कादंबरी, जिच्यातला मंत्री शत्रू हेरण्यासाठी शस्त्रक्रिया करून डोळे मोठे करून घेतो, तीही आधी गिकुयूत आली आणि मग त्यांनी स्वतःच ती इंग्रजीत नेली. २८ मे २०२५ रोजी, वयाच्या ८७व्या वर्षी, ते अमेरिकेत वारले.

‘डेव्हिल ऑन द क्रॉस’ हाती लागली, तर त्या स्पर्धेचं प्रकरण मराठी करत करत घरात कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. ते ऐकण्यासाठीच लिहिलेलं आहे.