‘एफ वन’ आवडला? मग १९६६ चा ‘ग्राँ प्री’ बघाच. कोल्हापूरकरांनी तर नक्कीच

ब्रॅड पिटचा ‘एफ वन’ २०२५ मध्ये आला आणि खऱ्या शर्यतींच्या गर्दीत जाऊन शूटिंग केल्याची जोरदार चर्चा झाली. पण हीच करामत जॉन फ्रँकनहायमर या दिग्दर्शकाने १९६६ मध्येच केली होती. चित्रपटाचं नाव ‘ग्राँ प्री’.

गोष्ट साधी आहे. चार ड्रायव्हर, एक हंगाम आणि एक विश्वविजेतेपद. जेम्स गार्नर, इव्ह मोंतां यांच्यासोबत जपानी टीमच्या मालकाच्या भूमिकेत ‘सेव्हन सामुराय’वाला तोशिरो मिफुने आहे. खरी मजा मात्र गाड्यांची.

त्या काळी गाडी चालवण्याचा सीन म्हणजे नट स्टुडिओत बसलेला आणि मागे पडद्यावर रस्ता पळतोय. फ्रँकनहायमरला हे नको होतं. त्याने ६५ मिमी फिल्मचे अवजड कॅमेरे थेट गाड्यांवर बसवले. गार्नर स्वतः गाडी चालवायला शिकला. पुढे पळणारी कॅमेरा-गाडी होती फोर्ड जीटी ४०, आणि ती चालवायला १९६१ चा विश्वविजेता फिल हिल!

कॅमेऱ्याशी अशी झटापट कोल्हापूरला नवी नाही. बाबुराव पेंटरांनी इथेच स्वतःचा कॅमेरा बनवला आणि त्यावर १९२० चा ‘सैरंध्री’ काढला. खरी कॉर्नरवरून जाताना तिथलं कॅमेऱ्याचं स्मारक दिसतंच.

आता एक गंमत. पडद्यावर ‘फॉर्म्युला वन’ म्हणून दिसणाऱ्या बऱ्याच गाड्या प्रत्यक्षात फॉर्म्युला थ्रीच्या होत्या, वरून फक्त सजवलेल्या. ‘एफ वन’मध्येही फॉर्म्युला टूच्या गाड्यांवर हाच प्रयोग झाला. फॉर्म्युला थ्री म्हणजे फॉर्म्युला वनकडे जाणाऱ्या वाटेवरची एक पायरी. कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेला. बहुतेक रेसर सुरुवात करतात ती कार्टिंगपासून, आणि राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवरही झाल्या आहेत. त्यामुळे शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत इंजिनाचे सुटे भाग ओतणाऱ्या या गावाला हा चित्रपट तसा परका वाटू नये.

मात्र तो बघताना एक गोष्ट सतत खटकते. ड्रायव्हरला सीट बेल्ट नाही. आगीपासून वाचवणारे आजच्यासारखे कपडे नाहीत. ट्रॅकच्या कडेला गवताच्या पेंढ्या, आणि अगदी जवळ उभे प्रेक्षक. ही दिग्दर्शकाची कल्पना नव्हे, तेव्हाच्या शर्यती अशाच व्हायच्या. चित्रपटात अनेक खरे रेसर छोट्या भूमिकांत दिसतात. त्यातला लोरेन्झो बांदिनी मे १९६७ मध्ये, म्हणजे चित्रपट आल्यानंतर जेमतेम पाच महिन्यांनी, मोनॅकोच्या शर्यतीत गाडी उलटून पेटल्याने भाजला आणि तीन दिवसांनी गेला. चित्रपटातला पहिला मोठा अपघातही मोनॅकोचाच आहे. ब्रूस मॅक्लारेन आणि योखेन रिंट १९७० मध्ये गेले, दोघेही गाडी चालवतानाच. मॅक्लारेनचं नाव आजही त्याच्या टीमच्या रूपाने ट्रॅकवर आहे. पडद्यावर हे चेहरे हसताना दिसले की अंगावर काटा येतो.

सगळंच भारी आहे असं नाही. चित्रपट जवळपास तीन तासांचा आहे आणि मधली प्रेमप्रकरणं चांगलीच रेंगाळतात. तिथे चहा करायला उठलात तरी चालेल. पण शर्यत सुरू झाली की जागचं हलू नका. सॉल बासने पडद्याचे तुकडे करून एकाच वेळी नटबोल्ट, चाकं, चेहरे दाखवले आहेत. आजच्या रील्सना लाजवेल असं काम. संकलन, ध्वनी आणि ध्वनी-परिणाम असे तीन ऑस्कर मिळाले ते उगाच नाही.

म्हणूनच हा मोबाइलवर बघू नका. मोठा टीव्ही, चांगले स्पीकर, आणि मोनॅकोत इंजिनं सुरू होतात ती पहिली काही मिनिटं आवाज जरा वाढवूनच.